कर्ज देताना घर मोजता, वसूल करताना का नाही?

शैक्षणिक कर्जावरचा वाद आता इतका घासून गुळगुळीत झाला आहे की कोण काय बोलणार हे पहिल्या वाक्यातच कळतं. एक बाजू म्हणते, ‘घेतलंय ना, मग फेडा. ज्यांनी पोटाला चिमटा काढून फेडलं ते काय वेडे होते?’ दुसरी बाजू म्हणते, ‘शिक्षण हा हक्क आहे, सगळी कर्जं माफ करा.’ मग एक गट बेशिस्तीच्या नावाने बोटं मोडतो, दुसरा सावकारीच्या नावाने. दोघांचं भांडण ऐकताना मला एक गोष्ट खटकत राहते. दोघांच्याही डोळ्यांसमोरचा कर्जदार एकटा असतो. पंचविशीतला, धडधाकट, ना मागे कोणी ना पुढे कोणी. त्याला नोकरी लागली का, पगार किती आणि हप्ता किती, एवढ्यावर वाद सुरू होतो आणि तिथेच संपतो. प्रत्यक्षात कर्ज एका घरात राहायला येतं, आणि त्या घरात आणखीही माणसं असतात.

माझं म्हणणं असं आहे. कर्ज फेडायला हवं. पण हप्ता ठरवण्याआधी घरातल्या अपंगत्वाचा खर्च आणि त्या सांभाळण्यात जाणारा वेळ उत्पन्नातून वजा झाला पाहिजे. ते अपंगत्व कर्जदाराचं स्वतःचं असो, मुलाचं, नवऱ्याचं, भावाचं की आईचं. जिथे हा भार जन्मभराचा आहे तिथे ठरावीक वर्षं झेपेल तेवढे हप्ते भरल्यावर उरलेलं कर्ज मिटलं पाहिजे. ही मागणी मी दयेच्या पोटी करत नाही. आजचा हिशोबच चुकीचा मांडला आहे, असा माझा आरोप आहे.

माझ्या ओळखीत एक मुलगी आहे. कर्ज काढून अभियांत्रिकी शिकली, बऱ्या पगाराची नोकरी आहे. धाकट्या भावाला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करत जाणारा आजार. बाराव्या वर्षी चालणं थांबलं, आता तो बावीस वर्षांचा आहे आणि रात्री त्याचा श्वास बायपॅप मशीनवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर चालतो. त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्यामुळे तिच्या फोनमध्ये बारा, दोन आणि चारचे गजर कायमचे लावलेले आहेत. दर वेळी उठायचं, मास्क सरकला नाही ना ते बघायचं, एका हाताने खांदा आणि एका हाताने कंबर धरून त्याला वळवायचं, गुडघ्यांच्या मध्ये उशी नीट बसवायची. आईची कंबर गेली आहे, वडील सत्तरीत आहेत. वीज गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून बॅटरीची सोय ठेवावी लागते, आणि ती बॅटरी दर काही वर्षांनी बदलावी लागते. तिच्याकडे एक वही आहे. त्यात महिन्याच्या पानावर ओळीने लिहिलेलं असतं: हप्ता, फिजिओ, मास्क, डायपर, दवाखान्याची गाडी, एअर मॅट्रेसची दुरुस्ती. या यादीत हप्ता सगळ्यात वर असतो, कारण तो चुकला तर फोन येतो. एअर मॅट्रेस चुकली तर कोणाचाच फोन येत नाही, फक्त भावाच्या माकडहाडापाशी लाल चट्टा उठतो.

हप्ता कमी करून मिळेल का, म्हणून तिने कर्ज देणाऱ्यांकडे विचारलं. तिला एकच प्रश्न विचारण्यात आला: ‘तुम्ही स्वतः अपंग आहात का?’ ती म्हणाली, नाही. मग तुम्ही यात बसत नाही, असं उत्तर आलं. बोलणारा माणूस उद्धट नव्हता. त्याच्यासमोरच्या अर्जात तेवढाच रकाना होता.

हा रकाना तेवढाच का आहे? याचं उत्तर शोधायला गेलं की एक विलक्षण विसंगती सापडते. कर्ज किंवा मदत देताना जवळपास सगळीकडे घर मोजलं जातं. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासाठी किती कर्ज मिळणार हे घरच्या उत्पन्नावर ठरतं. भारतात सहसा आईवडिलांपैकी कोणीतरी सहकर्जदार लागतो, आणि व्याजात सूट हवी तर कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. अमेरिकेत तर शैक्षणिक मदत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला कायद्यानेच मुभा आहे की, विशेष परिस्थिती असेल तर त्याने हिशोब बदलावा. त्या विशेष परिस्थितींच्या यादीत विद्यार्थ्याचं किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाचं तीव्र अपंगत्व स्पष्टपणे लिहिलेलं आहे. म्हणजे दारातून आत येताना कायद्याला आजारी भाऊ दिसतो. चार वर्षांनी वसुलीची वेळ येते तेव्हा तोच भाऊ दिसेनासा होतो. तो बरा झालेला नसतो. उलट या आजारात तो तोवर आणखी परावलंबी झालेला असतो.

अमेरिकेचंच उदाहरण आणखी थोडं पुढे नेतो, कारण तिथे या विषयावर बरेच कायदे झाले आहेत आणि त्यांत भोकंही बरीच आहेत. कर्जदार स्वतः पूर्ण आणि कायमचा अपंग झाला तर तिथे सरकारी शैक्षणिक कर्ज रद्द होतं. ही चांगलीच तरतूद आहे. पण मुलाच्या शिक्षणासाठी आईने ‘पॅरेंट प्लस’ नावाचं सरकारी कर्ज आपल्या नावावर घेतलं, आणि पदवीनंतर मुलाचा मणका अपघातात मोडला तर? मुलगा दगावला असता तर ते कर्ज रद्द झालं असतं. तो जगला, पण आता आयुष्यभर आईच्या हातून जेवणार आहे, म्हणून कर्ज तसंच राहतं. अपंगत्व आईला यायला हवं होतं, असा त्या नियमाचा अर्थ होतो. हे कोणी मुद्दाम क्रूरपणे लिहिलं असेल असं मला वाटत नाही. कर्जदार म्हणजे सही करणारा एक इसम, एवढ्याच कल्पनेवर नियम उभारला की तो इथेच येऊन पोचतो.

नियम वेगळा करताच येत नव्हता असंही नाही. त्याच देशात १ जुलै १९९३ पूर्वी घेतलेल्या ठरावीक सरकारी हमीच्या कर्जांना एक तरतूद लागू होती. जोडीदार किंवा अवलंबून असलेली दुसरी व्यक्ती तात्पुरती पूर्ण अपंग झाली आणि तिची काळजी घेण्यामुळे कर्जदाराला नोकरी करणं अशक्य झालं, तर हप्ते तीन वर्षांपर्यंत थांबवता येत. १९९२ च्या सुधारणेत सवलतींची यादी सुटसुटीत करताना नव्या कर्जांसाठी ती गेली. पुढे २००६ मध्ये तिथल्या संसदेने आणखी एक कायदा केला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जखमी होऊन जे पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, बचाव कर्मचारी किंवा सैनिक मरण पावले अथवा कायमचे पूर्ण अपंग झाले, त्यांच्या जोडीदारांची शैक्षणिक कर्जं रद्द करण्याची सोय त्यात झाली. हे योग्यच झालं. पण त्यात मान्य केलेलं तत्त्व काय आहे ते बघा. नवरा कायमचा अपंग झाला तर बायकोचं कर्ज फेडण्याचं बळ मोडतं, हे संसदेने लेखी मान्य केलं. आगीच्या ज्वाळांत जखमी झालेल्याच्या घरात जे सत्य आहे ते पक्षाघात झालेल्याच्या घरात खोटं कसं ठरतं? शौर्याचा सन्मान वेगळा करा, जरूर करा. पण रात्री दोन वाजता कूस बदलायला लागणारी ताकद दोन्ही घरांत सारखीच लागते.

‘उत्पन्नानुसार हप्ता आहे ना, मग आणखी काय हवं?’ असं काही अभ्यासू लोक विचारतात, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये उत्पन्नाशी बांधलेली परतफेड सुरू केली, इंग्लंडने पुढे तीच वाट धरली. इंग्लंडमध्ये ठरावीक मर्यादेच्या वरच्या कमाईवर पदवीच्या कर्जासाठी ९ टक्के कापले जातात. नोकरी गेली की कपात आपोआप थांबते. आई मुलाच्या देखभालीसाठी घरी बसली तर तिच्यावर हप्त्याचा तगादा येत नाही. ठरलेल्या रकमेचा हप्ता दर महिन्याला मागणाऱ्या व्यवस्थेपेक्षा हे कितीतरी माणुसकीचं आहे.

पण यात एक गृहीत दडलं आहे. दोन माणसांचा पगार सारखा असेल तर त्यांची ऐपत सारखी, असं ते गृहीत. अपंगत्व नेमकं हेच मोडून टाकतं. अमर्त्य सेन यांनी यासाठी दोन अडचणी वेगळ्या करून दाखवल्या. एक कमावण्यातली अडचण: अपंग व्यक्तीला किंवा तिला सांभाळणाऱ्याला कमी कमावता येतं. दुसरी रूपांतराची अडचण: हातात आलेल्या पैशाचं जगण्यात रूपांतर करायलाच त्यांना जास्त पैसा लागतो. बसने जाता येत नाही म्हणून गाडी, पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून जास्त भाड्याचं तळमजल्यावरचं घर, एका माणसाच्या आंघोळीसाठी दुसरा माणूस. सेन यांनी वीबके कुक्लिस या संशोधक बाईंनी ब्रिटनच्या आकडेवारीवर केलेलं काम पुढे ठेवलं होतं. तिथे एकूण लोकसंख्येत गरिबीरेषेखालच्या कुटुंबांत राहणाऱ्यांचं प्रमाण १७.९ टक्के होतं, अपंग व्यक्ती असलेल्या कुटुंबांत २३.१ टक्के. साधारण पाच टक्क्यांचा हा फरक कमी कमाईमुळे पडला, असं धरता येतं. मग अपंगत्वामुळे होणारा जादा खर्च हिशोबात घेतला, तेव्हा २३.१ चा आकडा एकदम ४७.४ वर गेला. उत्पन्नानुसार हप्ता ठरवणारी व्यवस्था त्यातला पहिला, छोटा फरक बघते. दुसरा, खरा मोठा फरक तिला दिसतच नाही. माझ्या ओळखीच्या त्या मुलीने नोकरी सोडली असती तर तिला सूट मिळाली असती. घरचा खर्च भागावा म्हणून ती नोकरी टिकवून आहे, रात्री तीनदा उठून सकाळी कामावर जाते, म्हणून तिचा हप्ता पूर्ण.

मग कुटुंबातली डोकी मोजली की झालं, असं वाटेल. अमेरिकेतल्या उत्पन्नानुसार हप्ता ठरवणाऱ्या योजना कुटुंबाचा आकार बघतात. २०२५ च्या कायद्याने आणलेल्या नव्या योजनेत अवलंबून असलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे महिन्याच्या हप्त्यातून ५० डॉलर वजा होतात. अवलंबून असलेलं मूल शाळेत जाणारं निरोगी असेल तरी ५० आणि नळीने अन्न घेणारं असेल तरी ५०. मोजणी आहे, पण वजन नाही.

कर्ज आणि आपत्ती यांचा संबंध काही आज कोणाला सुचलेला नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या कायद्यात अठ्ठेचाळीसावं कलम आहे: कर्जदाराचं शेत वादळाने झोडपलं किंवा पाण्याअभावी पीक आलं नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य देऊ नये, कराराची मातीची पाटी ओली करून बदलून घ्यावी आणि त्या वर्षाचं व्याज देऊ नये. त्या कायद्याला आपण एरवी डोळ्याच्या बदल्यात डोळा मागणारा म्हणून ओळखतो. पण शेतकऱ्याने सही केली आहे, आता शेताचं काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही, असं म्हणायला तोही तयार नव्हता. कर्ज बुडालं नाही, सावकारही बुडाला नाही. फक्त ज्यातून परतफेड व्हायची त्या शेताकडे आधी बघितलं गेलं.

आपल्या इतिहासात हाच प्रश्न मे १८७५ मध्ये पेटला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले होते, सारा वाढला होता, आणि कर्जरोख्यांवर अंगठे देऊन बसलेला कुणबी कोर्टात गेला की कोर्ट फक्त रोखा वाचत होतं. रोख्यावर आकडा आहे, अंगठा आहे, हुकूमनामा तयार. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यात लोकांनी माणसं मारण्यापेक्षा कागद जाळले. त्यांना नेमकं कळलं होतं की आपला शत्रू कागदात आहे. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार तपासायला सांगितलं, हप्ते बांधून द्यायची मुभा दिली आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद केलं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची अवजारं जप्तीतून वगळलेली आहेत. ज्या हातांनी कर्ज फिटायचं त्या हातातली हत्यारं घेऊ नयेत, हा त्यामागचा साधा विचार. आज नोकरदार माणसाचं हत्यार कोणतं? त्याची झोप, त्याचा वेळ, घरी कोणीतरी बघतंय या भरवशावर आठ तास बाहेर राहता येणं. अपंग भावाला सांभाळणारी बाई ठेवायचे पैसे हप्त्यात गेले, तर तुम्ही लोहाराचा भाताच उचलून नेला.

आता विरोधातले मुद्दे. त्यातले काही खरोखर जड आहेत.

पहिला न्यायाचा. जो कॉलेजात गेलाच नाही, जो मजुरी करतो आणि ज्याच्या घरीही अपंग मूल आहे, त्याच्या करातून पदवीधराला सूट का? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, आणि सरसकट कर्जमाफी मागणाऱ्यांकडे याचं समाधानकारक उत्तर नाही असंच मला वाटतं. सरसकट माफीत सगळ्यात मोठी रक्कम अनेकदा महागडे अभ्यासक्रम शिकून बक्कळ कमावणाऱ्यांच्या वाट्याला जाते. म्हणूनच मी सरसकट माफी मागत नाही. त्या मजुराच्या मुलालाही आधार मिळाला पाहिजे, आणि तो थेट मिळाला पाहिजे. पण त्याला मिळत नाही म्हणून दुसऱ्या घरातल्या अपंग मुलाच्या वाट्याचंही वसूल करा, याने मजुराला काय मिळतं?

दुसरा मुद्दा सगळ्यात ताकदीचा आहे: अपंगत्वाचा आधार हे समाजकल्याणाचं काम आहे, कर्जवसुलीत ते घुसडू नका. अपंग व्यक्तीला पुरेसा भत्ता द्या, काळजीवाहकाला मानधन द्या, मग कर्ज हे साधं कर्जच राहील. तत्त्व म्हणून मला हे शंभर टक्के मान्य आहे. असा भत्ता उद्या मिळणार असेल तर हा लेख मी आज मागे घेईन. पण भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, आणि तो करतानाच सरकारने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत योजना आखाव्यात अशी चौकटही त्याच कलमात आहे. सरकारला आपली आर्थिक क्षमता बघायची सोय आहे, मग कर्जदाराला का नाही? शिवाय कल्याण आणि वसुली ही दोन वेगळी खाती आहेत हे म्हणणं तेव्हाच टिकतं जेव्हा दोन्ही खाती एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. अमेरिकेत शैक्षणिक कर्ज थकलं तर सरकारला सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळणाऱ्या पेन्शनसारख्या रकमेतूनही कपात करता येते, आणि त्यात अपंगत्वापोटी मिळणारी रक्कमही येते. महिना ७५० डॉलर तेवढे सुरक्षित ठेवायचे असं १९९६ च्या कायद्याने ठरवलं, आणि तो आकडा महागाईशी जोडला नाही. कर्ज दहा वर्षांहून जुनं असलं तरी ही कपात चालते, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं. एका खात्याने अपंग म्हणून दिलेला पैसा दुसऱ्या खात्याने थकबाकीदार म्हणून परत घेतला. खाती वेगळी राहिली कुठे?

तिसरा: खोटे दाखले निघतील. निघतील, काही निघतातच. अपंगत्वाच्या बोगस दाखल्यांवर नोकऱ्या लाटणाऱ्यांबद्दल सगळ्यात जास्त चीड कोणाला येते, तर खऱ्या अपंगांना. पण अनुभव उलटाही आहे, आणि तो जास्त मोठा आहे. अमेरिकेत स्वतःच्या अपंगत्वामुळे ज्यांचं कर्ज रद्द व्हायला हवं होतं असे लाखो लोक वर्षानुवर्षं हप्ते भरत राहिले, कारण अर्ज करणं त्यांना जमलं नाही. सामाजिक सुरक्षा खात्याकडे त्यांच्या अपंगत्वाची नोंद होती, कर्जखात्याकडे कर्जाची. २०२१ मध्ये या दोन याद्या जुळवून आपोआप कर्जं रद्द करायचं ठरलं, तेव्हा ३,२३,००० हून अधिक लोक निघाले आणि त्यांच्या डोक्यावरचं कर्ज ५.८ अब्ज डॉलर होतं. मेंदूला इजा झालेल्या माणसाने, अंथरुणाला खिळलेल्या माणसाने फॉर्म भरावा आणि दर वर्षी उत्पन्नाचा पुरावा पाठवावा, ही अपेक्षाच मुळात काय होती? लबाडी रोखायला तपासणी जरूर हवी. पण चाळणी इतकी बारीक करायची की धान्यही वरच अडकेल?

चौथा: रेष कुठे ओढणार? आज अपंग भाऊ, उद्या म्हातारी आई, परवा मधुमेही सासरे. दुःख तर प्रत्येक घरात आहे. खरं आहे. पण रेषा ओढणं हे कायद्याचं रोजचं काम आहे, आणि या बाबतीत ती ओढून झालेलीही आहे. भारतात २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं नमूद केली, लक्षणीय अपंगत्वासाठी ४० टक्क्यांची मर्यादा ठेवली. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत अपंग अवलंबिताला सांभाळणाऱ्या करदात्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,००० ची. केंद्र सरकारने २०१४ मध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी ठरवलं की अपंग मुलाला सांभाळणाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट देता येईल. पुढे त्यात जोडीदार, आईवडील, भावंडंही आली. म्हणजे कर घेणाऱ्या सरकारला घरातलं अपंगत्व मोजता येतं, नोकरी देणाऱ्या सरकारला मोजता येतं. तोच दाखला, तीच टक्केवारी. हप्ता ठरवतानाच तेवढं कठीण का व्हावं? वसुलीत घर बघणंही अशक्य नाही. ऑस्ट्रेलियात ज्याचं कौटुंबिक उत्पन्न इतकं कमी आहे की त्याला त्या कारणाने आरोग्य उपकरातून सूट मिळते, त्याच्याकडून त्या वर्षी शैक्षणिक कर्जाची सक्तीची कपात होत नाही. कर्ज एकाचं, पण नजर कुटुंबावर. तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही.

पाचवा मुद्दा फार कमी लोक मांडतात, पण मला तोच सगळ्यात जास्त घाबरवतो. अशी सवलत आली तर बँका अपंग माणूस असलेल्या घरातल्या मुलांना कर्जच नाकारतील. याला इतिहासाचा आधार आहे. १८७९ च्या कायद्यानंतर सावकारांनी हात आखडते घेतले, गहाणखताऐवजी थेट खरेदीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली. संरक्षणाचा कायदा झाला आणि ज्याचं संरक्षण करायचं त्यालाच बाजारातून ढकललं गेलं. म्हणून सवलतीचा खर्च कर्ज देणाऱ्या शाखेच्या गळ्यात मारून चालणार नाही, तो हमी निधीतून भरून निघाला पाहिजे. भारतात शैक्षणिक कर्जांसाठी असा पतहमी निधी २०१५ पासून आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या, तारण नसलेल्या कर्जांना थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत तो हमी देतो. आज तो निधी कर्ज बुडाल्यावर धावून येतो. घरात अपंगत्व आहे म्हणून कमी झालेल्या हप्त्याचा फरक त्याच निधीने आधीच उचलला तर कर्ज बुडणारच नाही, आणि त्या घराच्या नावापुढे थकबाकीदार हा शिक्काही बसणार नाही. आणि जिथे कर्ज देणारं सरकारच आहे, अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहे तसं, तिथे तर ही भीती घालायला जागाच नाही.

एक मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो आकड्यांत बसत नाही आणि वादात कधी येत नाही. घरात अपंग भावंड असलेली मुलं कर्ज काढताना काय विचार करतात? आईवडील गेल्यावर भावाला मीच बघणार आहे, त्यासाठी मला चांगली नोकरी हवी, म्हणून मला शिकायचं आहे. इतरांसाठी पदवी ही वर चढायची शिडी असते, यांच्यासाठी ती दोन माणसांच्या उरलेल्या आयुष्याची तरतूद असते. ‘परवडत नव्हतं तर कर्ज काढलं कशाला?’ असं यांना विचारणाऱ्यांनी त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता तेही सांगावं. ते भावाला सांभाळतात म्हणून एका संस्थेची खाट वाचते, पाळीने काम करणाऱ्या तीन माणसांचे पगार वाचतात. ते पगार देण्याची वेळ सार्वजनिक तिजोरीवर आली नाही, हे कोणत्याही वसुलीच्या तक्त्यात जमेला धरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

हे बदलायला फार मोठी यंत्रणा उभारावी लागत नाही. अर्जात ‘तुम्ही स्वतः अपंग आहात का’ या एका प्रश्नाऐवजी तीन प्रश्न हवेत: घरात अपंगत्वाचा दाखला असलेली कोणी व्यक्ती तुमच्यावर अवलंबून आहे का, तिच्यावरचा कोणता खर्च विम्यातून किंवा योजनेतून मिळत नाही, आणि तिच्या देखभालीला दिवसरात्रीत किती तास जातात. दाखला एकदा नोंदला की पुन्हा पुन्हा मागू नये. ड्यूशेन दरवर्षी बरा होत नाही. हप्ता कमी असताना व्याज वाढत जाऊन मुद्दल फुगू नये, नाहीतर सवलत म्हणजे नुसतं पुढे ढकललेलं संकट. मुलाच्या शिक्षणासाठी पालकाने घेतलेलं कर्ज, तोच मुलगा कायमचा पूर्ण अपंग झाल्यावर रद्द व्हावं.

त्या मुलीला मी विचारलं होतं, हप्ता निम्मा झाला तर काय करशील? तिला विचार करावा लागला नाही. वहीच्या मागच्या पानावर तिने ते आधीच मांडून ठेवलेलं होतं: आठवड्यातून तीन रात्री भावाजवळ झोपायला प्रशिक्षित माणूस. खाली त्याचा महिन्याचा दर, आणि त्याच्यापुढे वार लिहिलेले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार.